सळईवरचा हात

बाबांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, आतल्या बाजूने, एक फोड आला होता. मसुराच्या दाण्याएवढा, गोल, आत स्वच्छ पाणी. भोवतीची कातडी पांढुरकी आणि ताणलेली. नाश्त्याला बसून ते पावाला लोणी लावत होते आणि सुरीची मूठ दर खेपेला नेमकी त्या फोडावर दाबली जात होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही.

"हे कशाने झालं?" मी विचारलं.

"काय कशाने?"

"बोटाला भाजलंय तुमच्या."

त्यांनी बोट उलटंसुलटं करून पाहिलं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. "चुलीच्या दांडीला लागलं असेल," ते म्हणाले आणि मुरंब्याची बरणी पुढे ओढली.

असेल! भाजल्याची जागा माणूस विसरू शकतो, पण भाजलं हेच विसरतो का?

दुसऱ्या कुणाचा हात असता तर मी मलम लावून गप्प बसले असते. पण हा एडविन थ्वेटचा हात होता. यॉर्कशायरच्या वरच्या अंगाला आमची हार्कडेलची दरी आहे, आणि त्या दरीत या हाताचा शब्द चर्चमधल्या शब्दापेक्षा वरचढ मानत. कोठारात गवताचे गठ्ठे रचले की ते आतून तापतात. थोडं तापणं चांगलं, त्याने गवताला गोडी येते. पण ओलं रचलं तर आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि एके दिवशी कोठार आपलं आपण पेट घेतं. म्हणून आमच्याकडे गंजीत लांब लोखंडी सळई खुपसून ठेवतात, दुपारच्या चहानंतर ती ओढून काढतात आणि मुठीत धरतात. धरवली तर गवत ठीक. चटका बसून मूठ सुटली तर गंजी फोडायची. सळई कुणीही धरू शकतो. पण शेजारपाजारचे लोक स्वतः धरून झाल्यावरही विचारत, "एडविनने धरली का?" आणि बाबा गाडी काढून जात, सळई धरत, आभाळाकडे बघत आणि म्हणत, "आय रेकन, चालेल."

'रेकन' हा आमच्या दरीचा अंदाजाचा शब्द. मूळ अर्थ मोजणं, हिशेब लावणं. दरीतल्या तोंडांमध्ये झिजता झिजता त्यातलं मोजणं गळून पडलं आणि वजन तेवढं उरलं. एखादा पुरुष 'आय रेकन' म्हणाला की पुढचं वाक्य ऐकून लोक कामाला लागतात. तीच गोष्ट बाईने सांगितली तर तिला 'रेकन' म्हणत नाहीत. तिला म्हणतात 'गेस'. तोही अंदाजच, पण लॉटरीच्या तिकिटासारखा. लागला तर नशीब, नाही लागला तर हसायला मोकळे. मी शहरात रसायनशास्त्र शिकले, परत आले, खालच्या गावातल्या चीजच्या कारखान्यात दुधाची तपासणी करते आणि उरलेल्या वेळात घरची गुरं, मेंढ्या आणि गवत बघते. इतक्या वर्षांत माझ्या तोंडच्या एकाही वाक्याला कुणी 'रेकन' म्हटलेलं नाही.

मागच्या सप्टेंबरची गोष्ट सांगते. आमच्या जत्रेत एडक्याचं वजन ओळखायची स्पर्धा असते. एडका खुंट्याला बांधलेला असतो, काटा वापरायचा नाही, टेप लावायची नाही. चिठ्ठीवर आकडा आणि नाव लिहून डब्यात टाकायचं. बाबा दरवर्षी लोकरीत हात घालून पाठीच्या कण्यावरून फिरवत आणि दरवर्षी बक्षिसाचं हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, घरी आणत. त्या वर्षी मीही चिठ्ठी टाकली. टेप नव्हती, पण माझी वीत मला ठाऊक आहे. छातीचा घेर आणि पाठीची लांबी वितीने घेतली, लोकरीची जाडी वजा केली आणि मनात गुणाकार केला. एडका काट्यावर चढला तेव्हा माझा आकडा फक्त पौंडभराने चुकला होता, सगळ्यांत जवळचा तोच. परीक्षकाने चिठ्ठी काढली, वाचली, "थ्वेट!" म्हणून ओरडला, टाळ्या पडल्या आणि हॅम बाबांच्या हातात गेलं. चिठ्ठीवरचं आडनावाआधीचं नाव, हेस्टर, कुणी वाचलंच नाही. मी पुढे होऊन सांगितलं तर परीक्षक म्हणाला, "अगं, घरातलंच आहे ना हॅम? खा की!" आठवडाभर घरात तेच हॅम होतं. मी एक तुकडाही खाल्ला नाही. आईने ते पाहिलं. तिने मला वेगळं अंडं उकडून दिलं.

तर, हा हात. आणि हा फोड.

फोड दिसला त्या जुलैच्या अखेरीला पावसाने उसंत दिली ती मोजकीच. शुक्रवारी गवत पसरलेलं होतं आणि शनिवारी माझ्या धाकट्या भावाची, क्लिफर्डची, क्रिकेटची मॅच होती. त्याला शुक्रवारीच गठ्ठे बांधून मोकळं व्हायचं होतं. मी एक पेंढी पिळून पाहिली. काडीच्या पेरांमध्ये ओल होती. मूठभर गवत कारखान्याच्या प्रयोगशाळेत नेलं, वजन केलं, भट्टीत वाळवलं, पुन्हा वजन केलं. तिसरा हिस्सा पाणी.

"बांधू नका," मी म्हणाले. "निदान दोन दिवस."

क्लिफर्ड ट्रॅक्टरवरून खाली न उतरताच हसला. "दुधातलं पाणी शोधून भागलं नाही, आता गवतातलं शोधतेस? उद्या मेंढीला थर्मामीटर लाव."

"मेंढीला लावतातच. डॉक्टरला विचार."

"बाबा, काय म्हणता?"

बाबांनी मूठभर गवत घेतलं, बोटांमध्ये चोळलं. मी त्या बोटांकडे बघत होते. "आय रेकन, चालेल," ते म्हणाले.

चाललं. संध्याकाळपर्यंत सगळं कोठारात छतापर्यंत रचून झालं. आमच्याकडे कोठार आणि घर एकाच छपराखाली असतं, मध्ये एक दगडी भिंत. भिंतीच्या अलीकडे आईचं सामानाचं कपाट, पलीकडे गवत.

पुढच्या आठवड्यात बाबांनी सळई ओढली. मी दारात उभी होते. त्यांनी ती मुठीत धरली, नेहमीसारखं आभाळाकडे पाहिलं. सावकाश. घाई नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले.

मी पुढे जाऊन सळईच्या त्याच टोकाला हात लावला. हात आपोआप मागे आला. तळहातावर लाल पट्टा उठला होता.

"बाबा, ही धरवत नाहीये."

"बायकांचे हात मऊ असतात, पोरी."

मऊ! याच हातांनी मी मार्चमध्ये आडवं आलेलं कोकरू मेंढीच्या पोटात वळवून बाहेर काढलं होतं, आणि तेव्हा याच बाबांनी मला कंदील धरला होता. मागे क्लिफर्ड उभा होता, त्याला मी म्हणाले, "तू धर. तुझे तर मऊ नाहीत ना?"

"बाबांनी धरली की," तो म्हणाला. "मी कशाला धरू?"

हेच. या दरीत हेच होतं. एकाने धरली की बाकीच्यांचे हात खिशात.

क्लिफर्ड गेल्यावर मी बाबांना गोठ्याच्या मागे गाठलं. चारचौघांत बोलायचं नव्हतं. "तुमच्या बोटांना कळत नाहीये," मी म्हणाले. "फोड आला तो तुम्हाला समजला नाही. परवा शर्टाचं बटण आईने लावून दिलं. डॉक्टरला दाखवू या."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "माझा हात माझा आहे."

"पण कोठार सगळ्यांचं आहे."

"हेस्टर. बस्स."

ते निघून गेले. मी तिथेच उभी राहिले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असतं, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा हात बधिर होणं वाईटच असतं. पण वाईट वाटायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती.

मग मी माझ्या पद्धतीने गेले. पाण्याची जुनी लोखंडी नळी घेतली, एक टोक ठोकून निमुळतं केलं, त्याला भोकं पाडली आणि ती गंजीच्या मधोमध खोल उतरवली. प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर दोरीला बांधून आत सोडला. पहिल्या दिवशी पारा साठच्या खाली होता. दुसऱ्या दिवशी पासष्ट. वासही बदलला होता, तंबाखू आणि जळक्या साखरेच्या मधला. सकाळी छपराच्या स्लेटवर दव पडलं होतं ते सगळीकडे होतं, फक्त कोठाराच्या मधल्या पट्ट्यावर नव्हतं. तो पट्टा कोरडा होता. मी बाबांना बोट करून दाखवला.

"ऊन तिकडून येतं," ते म्हणाले.

"ऊन अजून डोंगराच्या मागे आहे."

"किती म्हणालीस तुझा तो आकडा?"

"पासष्ट."

"पासष्ट म्हणजे थंडीच की."

"सेल्सियसमध्ये, बाबा. तुमच्या फॅरनहाइटमध्ये जवळजवळ दीडशे."

"तुझे ते फ्रेंच अंश मला नको सांगू."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तेव्हा आई भिंतीतल्या कपाटातून एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवत होती. पीठ, मुरंबा, चीज, चिनी मातीच्या बशा. लोण्याचं भांडं तिने माझ्यासमोर ठेवलं. लोणी वितळून पिवळं पाणी झालं होतं.

"भिंत गरम आहे," आई म्हणाली.

"बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, ऑगस्टचा उकाडा आहे." तिने बशा पुसायला घेतल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या त्या नळीत आज किती आहे?"

या घरात मला थट्टा न करता आकडा विचारणारं ते पहिलं माणूस. मी धावत जाऊन बघून आले. चौऱ्याहत्तर. सत्तरच्या पुढे गवत जंतूंमुळे तापत नाही, ते स्वतःच जळायला लागतं. फक्त हवा मिळाली नाही म्हणून ज्वाळा दिसत नाही.

मी दिवाणखान्यातला फोन उचलला.

आमच्या दरीत बंब कधी बोलावतात, तर छपरातून जाळ निघाल्यावर. त्याआधी बोलावला तर ते कोठाराच्या मालकाला चव्हाट्यावर आणणं असतं. क्लिफर्डने मला नंबर फिरवताना पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "काय करतेस? अख्खी दरी हसेल बाबांना!"

"हसू दे."

फोनवरच्या माणसाने विचारलं, "जाळ दिसतोय का, बाई?"

"नाही."

"धूर?"

"वाफ."

"मग आग कशावरून म्हणता? हा तुमचा गेस आहे का?"

"मी मोजलंय," मी म्हणाले. इतक्या जोरात की आई दारात आली. "चौऱ्याहत्तर अंश. सेल्सियस. काल पासष्ट होतं. घराची भिंत तापलीय. तुम्ही येताय, की जाळ दिसेपर्यंत थांबू?"

पलीकडे पेन्सिल खरडल्याचा आवाज आला. मग, "काही हलवू नका. निघालोच."

बंब आला तेव्हा बाबा अंगणात उभे होते. त्यांनी बंबवाल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बंबाच्या मुख्य माणसाने माझी नळी बघितली, थर्मामीटर बघितला आणि पाण्याचे पाइप आधी पसरायला लावले. मगच गठ्ठे काढायला सुरुवात केली. बातमी दरीत पसरायला बंबाची घंटा पुरे. शेजारी फावडी आणि दाताळी घेऊन आले. या एका बाबतीत आमची दरी चांगली आहे, हसायचं असलं तरी आधी हात लावतात.

वरचे गठ्ठे हिरवे होते. मग तपकिरी. मग कॉफीच्या रंगाचे. मधोमध पोचले तेव्हा गवत काळं होतं, कोळसा झालेलं, आणि हवा लागताच त्याच्या कडांवरून ठिणग्यांची एक बारीक रेघ सरकली. बंबवाल्याने पाण्याचा फवारा मारला. फस्सकन वाफ उठली आणि सगळे दोन पावलं मागे सरले. एका तुळईची खालची बाजू जळून काळी पडली होती. त्या तुळईवर घराचंही छप्पर होतं.

दुपारपर्यंत हिवाळ्याचं सगळं गवत मागच्या शेतात काळं, ओलं पसरलेलं होतं. कोठार उभं होतं. घर उभं होतं. आईने सगळ्यांना चहा, फ्रूटकेक आणि चीज दिलं. चीज भिंतीपाशी राहिल्याने मऊ झालं होतं. लोक अंगणातल्या दगडी भिंतीवर बसून खात होते.

"एक मात्र आहे," मिल्नर म्हणाला. तो खालच्या शेतावरचा. तोंड केकने भरलेलं. "पोरीचा गेस लागला बरं का!"

"नशीबवान आहे आपली हेस्टर," क्लिफर्ड म्हणाला. त्याचा चेहरा काजळीने काळा होता आणि तो आता अभिमानाने हसत होता, जणू ते नशीब त्यानेच मला आणून दिलं होतं. "मागच्या वर्षी तर एडक्याचं वजनपण जवळजवळ ओळखलं होतं हिने!"

जवळजवळ!

मी हातातला कप भिंतीवर ठेवला. पाणी किती, मोजलं. उष्णता किती, मोजली. तीन दिवस रोज सकाळ-संध्याकाळ त्या गंजीवर चढले. छपरावरचं दव दाखवलं. भिंत गरम होती, लोणी वितळलं होतं. आणि एवढं सगळं करून माझ्या वाट्याला आलं ते नशीब. ज्यांनी काहीही न मोजता मान डोलावली, त्यांचं मात्र जाणतेपण!

तेवढ्यात जॉसी हार्कर फाटकातून आत आला. ओढ्यापलीकडचा, बाबांच्याच वयाचा. त्याच्या हातात, पोत्याच्या तुकड्यात धरलेली, त्याच्या कोठारातली सळई होती. आमचं कोठार बघून घाबरला होता आणि धावत घरी जाऊन ओढून आणली होती.

"एडविन," तो धापा टाकत म्हणाला, "तू मागच्या आठवड्यात म्हणालास, माझं ठीक आहे. आता धर बघू पुन्हा. मला काही समजत नाही, माझा जीवच घाबरलाय."

आमचं काळं गवत अजून वाफाळत होतं आणि हा माणूस सळई घेऊन पुन्हा त्याच हाताकडे आला होता. मला हसू आलं नाही. मला किंचाळावंसं वाटलं.

बाबांनी सवयीने हात पुढे केला. मग थांबले. हात उलटा केला आणि त्या फोडाकडे पाहिलं. फोड आता फुटला होता.

"मला कळत नाही, जॉसी," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "या हाताला काही कळत नाही. वसंतापासूनच. मी तुझ्याकडे आलो तेव्हाही कळत नव्हतं."

जॉसी सळई धरून तसाच उभा राहिला. मिल्नरने केकचा तुकडा तोंडापर्यंत नेलेला परत बशीत ठेवला. मला माझ्या बाबांचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी राग दुप्पट झाला, कारण वसंतापासून म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या दिवशी गोठ्याच्या मागे मी विचारलं तेव्हा माहीत होतं. मऊ हातांची गोष्ट सांगितली तेव्हा माहीत होतं.

"मग आता माझी सळई कुणी धरायची?" जॉसीने विचारलं. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं.

"मी आहे की," क्लिफर्ड म्हणाला आणि शर्टाला हात पुसायला लागला. "आय रेकन..."

"गप्प बस," बाबा म्हणाले. मग ते दगडावर बसले, म्हातारे दिसले. "बघू. मायकेलमसपर्यंत काहीतरी बघू."

'मायकेलमसपर्यंत बघू' हे वाक्य मला तोंडपाठ होतं. दर सप्टेंबरच्या शेवटी, मायकेलमसला, ज्याचं शेत आम्ही कुळ म्हणून कसतो त्या जमीनदाराचा कारभारी आमच्याकडे चहाला येतो. कप रिकामा झाला की विचारतो, "एडविन, तुमच्यानंतर शेत कुणाच्या नावावर?" आणि क्लिफर्डकडे बघतो. बाबा म्हणतात, "बघू." मी चहा ओतत असते. दरवर्षी मी ठरवते, या वेळी किटली खाली ठेवायची आणि बोलायचं. दरवर्षी किटली माझ्याच हातात राहते आणि कारभारी निघून जातो.

मी बाजूला काढून ठेवलेल्या नळीतून थर्मामीटर ओढून काढला आणि कापडाने पुसला.

"जॉसीकाका," मी म्हणाले, "सळई खाली ठेवा. मी तुमच्या कोठारात ही नळी उतरवते. अर्ध्या तासात आकडा सांगते. आकडा. काकूंना म्हणावं, भिंतीपासून सामान आताच हलवा."

जॉसीने बाबांकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. बाबांनी मान हलवली.

"आणि कारभारी मायकेलमसला येईल तेव्हा, बाबा," मी म्हणाले. सगळे ऐकत होते. मला तेच हवं होतं. "तो क्लिफर्डकडे बघेल. तुम्ही 'बघू' म्हणाल. मी चहा ओतणार नाहीये. मी त्याच्या समोर बसणार आहे आणि त्याला सांगणार आहे."

"काय सांगणार आहेस?" बाबांनी विचारलं.

"तुमच्यानंतर शेत मी चालवणार."